सही करायला काही आहे का?

मंगळवार, रात्री

सकाळी दहाच्या सुमाराला मालक माझ्या टेबलाशी आले. हातात टोपी, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. म्हणाले, "सही करायला काही आहे का?"

काहीच नव्हतं. सह्या आता बाईसाहेब, म्हणजे त्यांची मुलगी, करतात, त्यासुद्धा स्क्रीनवर क्लिक करून. मी म्हटलं, "आज तरी नाही." ते "बरं, बरं" म्हणाले आणि पॅकिंगकडे चालू लागले. थोड्या वेळाने काचेतून पाहिलं तर बनियनच्या खोक्यांवरची लेबलं वाचत उभे होते. झालं, एवढीच गोष्ट. कुणी कुणाला लागेल असं बोललं नाही, कुणी रुसलं नाही. तरी दिवसभर माझं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. पगारपत्रकात एकच ओळ तीनतीनदा तपासत बसले.

जेवताना मंदारला सांगितलं. तो म्हणाला, "बिचारे." आणि माझं डोकंच सटकलं. बिचारे कशाने? ऐंशी उलटली तरी हा माणूस रोज साडेसातला स्वतःच्या कारखान्यात स्वतःच्या पायांनी येतो. निटिंगमधून जाताना बायाबाप्ये मान वर करून नमस्कार करतात. शेडमध्ये मशिनं चालू असतात. अजून काय हवं असतं माणसाला? मंदारने शहाणपणा केला आणि ताटात लक्ष घातलं. मग डिशवॉशर लावताना माझं मलाच कळलं की मला त्यांची दयाबिया काही आलेली नाही. मला त्यांचा हेवा वाटतोय.

हेवा! आणि कुणाचा, तर सही करायला एक कागद मिळत नाही अशा म्हाताऱ्याचा. म्हणून झोप यायच्या आत लिहून काढतेय.

ती सह्यांची फाइल अजून माझ्या मागच्या कपाटात आहे. काळा पुठ्ठा, आत जाड टीपकागदाची पानं, आणि प्रत्येक पानाला मधोमध भोकं, म्हणजे पान न उलटता खाली कागद आहे की नाही ते दिसावं. इथल्या, जर्मनीतल्या, जुन्या ऑफिसांत अशी फाइल असायचीच. मी लागले तेव्हा शिरस्ता असा होता की अकराला ती भरून मालकांच्या टेबलावर ठेवायची आणि बाराला उचलायची. पगाराच्या बँकेच्या याद्या, विम्याची पत्रं, कुणाच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीचं मानपत्र, कुणाला मुलगी झाली त्याचं कार्ड. सगळ्यावर निळ्या शाईतली सही, शेवटचं अक्षर खाली लांब ओढलेलं. ती शाई टीपकागदावर उलटी उमटायची. आता पानं बघितली तर सहीवर सही, सहीवर सही, काही ठिकाणी नुसता निळा डाग. मानपत्र समोर आलं की पेन उघडण्याआधी मला विचारायचे, "ही कोण? कटिंगमध्ये खिडकीशी असते ती ना?" आणि तीच असायची.

बाईसाहेबांनी आल्या आल्या ही फाइल बंद केली. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही, माझंच काम निम्म्यावर आलं. खरं तर मीच वर्षभर भुणभुण लावली होती की हे कागद कमी करा म्हणून.

तर, हेवा. कशाचा वाटला? पैशाचा नाही. मालकांचं घर मोठं असलं तरी तीच जुनी गाडी, तोच कोट, आणि बाथरूममधला दिवा कुणी चालू ठेवला की अजून स्वतः जाऊन बंद करतात. हे आल्ब डोंगराचं पठार मुळातच चिकट. पाणी सगळं चुनखडीत मुरून जातं, जमीन हलकी, थंडी जबर. त्यात इथल्या शेतकऱ्यांत सगळ्या मुलांना सारख्या वाटण्या. पिढ्यान्‌पिढ्या तुकडे पडत गेले आणि शेवटी शेतावर भागेना, तेव्हा घराघरांत विणकाम आलं. टायल्फिंगनच्या म्युझियममध्ये ती जुनी यंत्रं मांडून ठेवली आहेत. मालकांच्या आजोबांनी असंच दोन खोल्यांत सुरू केलेलं. गंमत म्हणजे जिथे शेताच्या चिंध्या झाल्या तिथे कारखाना मात्र एकाच्याच हातात ठेवायचा, हे सगळ्यांनी नीट पाळलं. आजोबा, वडील, मालक, आता बाईसाहेब. त्यांचा धाकटा भाऊ म्यूनिकला असतो, त्याला काय मिळालं हे मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहिणार नाही.

आणि हे एका हातात राहायलाही सरकारचा आशीर्वाद लागतो. पंधराहून जास्त माणसं असतील तर वारसदाराने पुढची पाच वर्षं पगारांची बेरीज सांभाळायची. आधीच्या सरासरी वर्षाच्या चौपटीखाली ती पाच वर्षांत जाता कामा नये. गेली नाही, आणि कारखाना विकून टाकला नाही, तर वारसा करातून ८५ टक्के सूट. बेरीज कमी भरली की त्या प्रमाणात सूटही कमी. ही बेरीज कोण ठेवतं? मी. दर महिन्याला एका एक्सेलच्या खान्यात एक आकडा टाकते आणि बाईसाहेब लाल पेन्सिल घेऊन बघायला येतात. कुणी नोकरी सोडली की आधी "अरेरे" म्हणतात आणि मग हळूच विचारतात, "बेरजेचं काय?" एका अख्ख्या घराण्याचा वारसा माझ्या एक्सेलमध्ये. याचं मला कधीकधी हसू येतं. आज आलं नाही.

मालकांच्या वाट्याला जे आलं तेही काही फुकटचं नव्हतं. तळघरात अजून जुन्या पगाराच्या फायली आहेत. ठेवायची मुदत कधीच संपली, पण ते फेकू देत नाहीत. साठच्या दशकातली फाइल उघडली की शिवणकामाच्या खात्यात इटलीच्या, ग्रीसच्या, तुर्कस्तानच्या बायकांची नावं. १९५५ मध्ये इटलीशी करार झाला, १९६० मध्ये ग्रीसशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी, आणि १९७३ मध्ये नवी माणसं आणणं थांबलं. पानं उलटत गेलं की नावं टिकून राहतात, आडनावं लग्नाने बदलतात. मग नव्वदच्या दशकातल्या फायली एकदम बारीक होतात. कापड इथे विणायचं, इथे कापायचं, आणि शिवायला बाहेरदेशी पाठवायचं, असं तेव्हा सगळ्यांनीच केलं. यांनी पोर्तुगालला पाठवलं. पुढे २००५ च्या १ जानेवारीपासून कापडाच्या आयातीवरचा कोटा संपला आणि उरलीसुरली आडकाठीही गेली. ज्या बायकांची लग्नाची कार्डं सही करून पाठवली, त्यांचीच कमी करण्याची पत्रं याच फाइलमधून गेली असणार. याच टीपकागदावर. मालक त्याबद्दल कधी बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही.

मग बुर्लाडिंगनची गोष्ट. पलीकडच्याच गावातली, त्यामुळे इथे सगळ्यांना घरच्यासारखी. ट्रिगेमा या कपड्यांच्या कारखान्याचे वोल्फगांग ग्रुप (ग्रुप हे आडनाव), मालकांच्याच पिढीचे, १९४२ चा जन्म. १९६९ मध्ये वडिलांकडून कर्जात अडकलेला कारखाना घेतला आणि वर काढला. इथले लोक शिवणकाम बाहेर नेत होते तेव्हा ते टीव्हीवर, रात्री आठच्या बातम्यांच्या तोंडावर, कोट घातलेल्या चिंपांझीला बातम्या वाचायला बसवून सांगत राहिले की आमचा माल जर्मनीतच होतो. मंदारला ती जाहिरात पहिल्यांदा दाखवली तेव्हा तो खुर्चीतून पडायचा राहिला. सुमारे १२०० माणसं. कारखाना वर्षानुवर्षं स्वतःच्या नावावर, म्हणजे बुडाला तर घरदारही जाणार. वेगळी केबिन नाही, सगळ्या ऑफिसच्या मधे टेबल. मालकांना ते फार आवडायचे असं नाही, "नुसता बोलतो" म्हणायचे, पण प्रत्येक मुलाखत वाचायचे. २०२३ संपता संपता त्यांनी कारभार मुलगा-मुलीच्या हातात दिला, आणि २०२५ च्या जुलैत कामगारांना लिहिलेलं त्यांचं पत्र सगळीकडे छापून आलं. म्हातारपणाच्या नैराश्याने घेरलंय, आपली अजून कुणाला गरज आहे का असे विचार येतात, त्यातून जीव द्यायला निघालो होतो. ज्यांना असा त्रास होतोय त्यांनी वेळीच मदत घ्यावी, असंही त्यांनी त्यात लिहिलं.

त्या दिवशी कँटीनमध्ये पेपर पडला होता. मालकांनी वाचला, घडी घातली, कॉफी संपवली आणि कपबशी स्वतः नेऊन ठेवली. बाईसाहेब त्या आठवड्यात दोनदा त्यांना गोदामाच्या छपराबद्दल सल्ला विचारायला गेल्या. छपराला काही झालेलं नव्हतं, हे मला माहीत आहे कारण बिलं माझ्याकडे येतात.

म्हणजे मंदारचं 'बिचारे' अगदीच वावगं नव्हतं. कळतं मला. पण तरी हेवा जात नाही, त्याला काय करू?

माझ्या वडिलांना, आप्पांना, असं कुठे जाऊन विचारायला जागाच उरली नाही. हे आहे ते. लिहिलं एकदाचं.

इचलकरंजीला फोन लावला की आधी माग ऐकू यायचे, मग आप्पा. चोवीस मागांचा खडखडाट, त्यावरून ओरडत "जेवलीस काय गं?" १९०४ मध्ये दातारांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला, हे ते असं सांगायचे की जणू तो माग यांनीच हाताने ओढत आणला. आपण खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आपली फक्त मजुरी, तीही पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. लाईट गेली की आपलं नुकसान, भाव पडला की आपलं नुकसान. तरी स्वतःला मालकच म्हणवून घ्यायचे, आणि कामगारही म्हणायचे. नववीत असल्यापासून आठवड्याच्या पगाराचा हिशोब मी मांडायची. किती तागे, किती पिकं, उचल किती, हातात किती. आप्पा शेवटी वही घेऊन खाली एक गिचमिड सही ठोकायचे. माझ्या बेरजेवर विश्वास होता म्हणून न बघता.

मग एक दिवस फोन लावला आणि पलीकडे नुसते आप्पा. बाकी काही नाही. मी म्हटलं, "लाईट गेलीय का?" ते म्हणाले, "विकलं की." मला वाटलं काहीतरी विनोद. तर नाही. माग तोडून काट्यावर वजन करून भंगारात दिले होते. बिनधोट्याच्या नव्या मागांपुढे आमच्या साध्या मागांना कोण विचारतो, शिवाय गुडघे गेलेले, माग दुरुस्त करणारा जॉबर गावी निघून गेला. सगळी कारणं बरोबर होती. शेड आता एका कुरिअरवाल्याचं गोदाम आहे.

दादाला विचारलं होतं म्हणे. पुण्याहून खास बोलावून विचारलं. तो नको म्हणाला, विषय संपला.

मला कुणी विचारलं नाही. हे मी कुणाला सांगत नाही कारण सांगितलं की लोक लगेच म्हणतात, "तू काय करणार होतीस जर्मनीत बसून?" खरंच आहे. पण विचारायला काय जात होतं? हिशोब चालत होता ना माझा? वही चालत होती. आणि आज इथे, दुसऱ्याच्या घराण्याचा वारसा कमी भरू नये म्हणून दर महिन्याला बेरीज मी सांभाळते, आणि आमचा स्वतःचा गेला तेव्हा मला व्हॉट्सअ‍ॅपवरही कुणी कळवलं नाही. एवढं लिहून झाल्यावर नाक लाल झालंय. मंदार दारातून डोकावून गेला. सर्दी म्हटलं.

पाणी पिऊन आले.

आता परत वाचलं तर जरा नाटकीच वाटतंय. कारण मागच्या उन्हाळ्यात कंपनीच्या सहलीला बोडनझेच्या तळ्यावर गेलो होतो, तेव्हा परतीच्या बसमध्ये बाईसाहेब शेजारी येऊन बसल्या होत्या, दोन ग्लास वाइन पोटात. त्या म्हणाल्या, त्यांना गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. मी विचारलं, मग? म्हणाल्या, मला कधी कुणी विचारलंच नाही. चौदाव्या वर्षी शाळेच्या सुट्टीत पॅकिंगला बसवलं, आणि ते कधी ठरलं, कुणी ठरवलं, कळलंच नाही. सगळ्या गावाला माहीत होतं, मला सोडून. मग खिडकीबाहेरच्या गाई बघत बसल्या. तेव्हा मी आपलं "हो ना" म्हणून सोडून दिलं होतं. आज रात्री ते वाक्य जागचं उठून समोर येऊन बसलंय.

एकीला घे म्हणून विचारलं नाही, दुसरीला नको का म्हणून विचारलं नाही. बसा दोघी एकाच बसमध्ये.

आणि समजा, आप्पांनी मला विचारलं असतं. काय केलं असतं मी? चोवीस साधे माग, वर्षाला चढत जाणारं लाईटबिल, सुताचा भाव सकाळी एक न्‌ संध्याकाळी एक, व्यापारी पैसे अडकवणार, आणि मी काउंटरवर बसून वसुलीचे फोन करणार. दोन वर्षांत मीच भंगारवाल्याला बोलावलं असतं. आणि मला घासाघीस जमत नाही, त्यामुळे आप्पांपेक्षा कमी भावात दिले असते. दादा तेव्हा मला काय काय बोलला असता ते वेगळंच. नको रे बाबा.

तरी विचारायला हवं होतं. असो.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत आप्पांना फोन केला होता, तो लिहायचा राहिला. मी सगळं सांगितलं, मालक आले, असं विचारलं, मी नाही म्हटलं. मला वाटलं आप्पा हळहळतील, किंवा गप्प होतील, आणि मग मला आणखी वाईट वाटेल. तशी तयारी करूनच फोन लावला होता. तर ते म्हणाले, "ते असू दे. मशीन कसलं आहे त्यांचं?"

गोल मशीन, म्हटलं. तीस इंची. इथेच टायल्फिंगनला बनलेली. धोटा नाही, ताणा-बाणा नाही, नुसत्या सुया, गोल फिरणाऱ्या.

"सुया किती?"

एका मशीनला अडीच हजारांवर. त्या सुयासुद्धा शेजारच्या एबिंगनला होतात. आणि तीच कंपनी चंदीगडलाही करते म्हटल्यावर आप्पांना एकदम जवळचं वाटायला लागलं, इचलकरंजीपासून चंदीगड किती लांब आहे याचा काही संबंध नाही. "आणि त्यातली एक तुटली तर?"

"कापडात उभी रेघ पडते."

"म्हणजे आमची तार तुटल्यासारखंच की!" काय खूश झाले! मग विचारत सुटले. रेघ पडली ते कोण बघतं, माणूस की मशीन? सुई बदलायला मशीन किती वेळ बंद ठेवतात? बदलतं कोण, जॉबर असतो काय? वाया गेलेलं कापड कुणाच्या खात्यात धरतात, कामगाराच्या की मालकाच्या? मला यातलं काहीही माहीत नाही. इतकी वर्षं या माणसांचे पगार काढतेय आणि सुई कोण बदलतं ते माहीत नाही. "विचार की मग तुझ्या म्हाताऱ्याला," आप्पा म्हणाले. "त्यांना माहीत असणार. वापरून वापरून जुनी झालेली मशिनं काय करतात तेही विचार. आणि भंगाराला तिकडं काय भाव मिळतो?"

उद्या कामगारांच्या विम्याचे पैसे जायचा दिवस. महिना संपायच्या आधीचा बँकेचा शेवटून तिसरा दिवस, त्यात एक दिवसाची सवलत नाही, म्हणजे साडेसातला टेबलावर हवं. आप्पांचे प्रश्न मराठीत एका कागदावर उतरवून ठेवलेत, बसमध्ये जर्मनमध्ये जुळवता येतील. वाया गेलेल्या कापडावर मालक तासभर तरी बोलतील. भंगाराच्या भावाचा तेवढा विचारणार नाही. आप्पांना काहीतरी आकडा ठोकून देईन, त्यांना मिळाला त्याहून थोडा कमी.